अकरा महिन्यांचे पैसे, बारा महिन्यांचे पेपर

सकाळी आमच्या घरात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. मिक्सर घरघरत असतो, नळाला पाणी आहे तोवर बादल्या भरून घ्यायच्या असतात, लेकाला एक मोजा सापडलेला असतो आणि दुसऱ्यासाठी तो मला जबाबदार धरत असतो. आणि आमचे हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून पेन घेऊन पेपरवर बसतात, जणू संपादकाने तो यांच्याकडे तपासायला पाठवलाय. माझ्या हाती पेपर येतो तेव्हा त्याच्या कडेची सगळी कोरी जागा आकड्यांनी भरलेली असते. कसले आकडे म्हणून विचारायची सोय नाही. विचारलं की सांगतात.

त्या गुरुवारी या सगळ्या गदारोळात दार वाजलं. बेल नव्हे, दार. बोटांच्या पेरांनी टकटक, मग थोडं थांबून पुन्हा टकटक.

"पेपरमावशी दिसतात," मी हात पुसत म्हटलं.

"त्या कशाला येतील? आपले वर्षाचे दिलेत," हे पेपरातून मान न काढता म्हणाले.

यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मी जरा घाईने दाराकडे गेले. पेपरमावशी पेपर टाकताना कधी आवाज करत नाहीत. आपण दार उघडावं तर पेपर उंबऱ्याशी सरळ ठेवलेला, घडी दाराच्या बाजूला. दार वाजवायच्या त्या फक्त पैशासाठी. आणि आमचं दार वर्षातून एकदाच वाजायचं, कारण त्यांचा एक जुना शिरस्ता होता. वर्षाचे पैसे एकदम आगाऊ देईल त्याला अकरा महिन्यांच्या पैशांत बारा महिने पेपर. यांचा हा अतिशय लाडका सौदा. जिन्यात कुणी भेटलं की सांगणार, "एक महिना फुकट! आपण तर पहिल्यापासून घेतो." लॉटरी लागलेला माणूससुद्धा इतक्या वेळा सांगत नाही.

दारात मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. लिफ्ट बंद होती, म्हणजे नेहमीसारखीच होती. त्यांच्या पायात त्यांच्या नवऱ्याचे जुने बूट असतात, पुढे कापूस भरून घट्ट केलेले. पेपरची लाइन नवऱ्याने सुरू केली, तो गेल्यावर बाराव्याच्या आत लोक म्हणायला लागले, आता दुसरा पेपरवाला बघायला हवा. मावशींनी त्याचे बूट घातले आणि दुसऱ्या दिवशी पेपर टाकले. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हाच्या तरुण बाईचे गुडघे आता कुरकुरतात, आणि उजव्या अंगठ्यावरची शाई साबणाने निघायची केव्हाच थांबली आहे.

"वहिनी, साहेब आहेत का? पैशाचं नाहीये," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "जरा विचारायचं होतं."

मी त्यांना आत घेतलं. खुर्ची दिली तर त्या चपलांच्या स्टुलावरच टेकल्या. चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्यांनी जे सांगितलं ते असं. गुडघ्यांना आता जिने झेपत नव्हते. लाइन विकायची होती. लाइन म्हणजे ठरलेल्या इमारती आणि त्यांतली ठरलेली घरं. पेपरच्या धंद्यात ती विकता येते, दुकानासारखी. चौकातला एजंट घ्यायला तयार होता. त्याने दोन पर्याय दिले होते. एक तर आता एकदम तीन लाख. नाही तर सात वर्षं दर महिन्याला पाच हजार. रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, नाही तर मी पलीकडची लाइन घेतो.

"सात वर्षांचे सगळे मिळून चार लाख वीस हजार होतात, असं तोच म्हणतो," मावशी म्हणाल्या. "मग लाखावर वीस हजार जास्त कशाला देतोय? मला काही कळेना. माझं म्हातारपण यावर आहे हो. चूक झाली तर पुन्हा विकायला माझ्याकडे दुसरी लाइन नाही."

झालं. आमच्या ह्यांचा मी निवृत्तीनंतर प्रथमच ऑफिसचा चेहरा पाहिला.

"मावशी, हा वटावाच्या दराचा प्रश्न आहे," हे म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं होतं, ते आजवर दूधवाल्याचा हिशेब सोडून कुठे वापरायला मिळालं नव्हतं. म्हणून मीच सांगितलं, "आज हातात आलेले शंभर आणि वर्षानंतर येणारे शंभर सारखे नसतात ना मावशी? आजचे बँकेत टाकले तर वाढतात. म्हणून पुढे येणारे पैसे आज मोजताना थोडे कापून धरायचे. जितके लांबचे, तितके जास्त कापायचे. किती टक्क्यांनी कापायचं, तो दर."

"आणि तो किती?"

हा प्रश्न त्या बाईने विचारायला नको होता. त्यानंतरचे तीन दिवस माझ्या घरात दुसरं काही शिजलं नाही.

हे म्हणाले सात. का, तर बँकेत मुदत ठेवीवर सात मिळतात. सात टक्क्यांनी कापलं तर महिन्याच्या पाच हजारांची आजची किंमत निघते तीन लाख एकतीस हजार. तीन लाखांपेक्षा जास्त. तेव्हा महिन्याने घ्या, विषय संपला. पेपरची कड भरली, चौकटीत उत्तर आलं, उत्तराखाली दोन रेघा.

लेक संध्याकाळी आला, बूट न काढताच कडेवरचे आकडे वाचले आणि हसला. तो गुंतवणुकीच्या कंपनीत आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे पैसे स्क्रीनवर वरखाली होताना बघतो.

"बाबा, सात कुठले? ही काय सरकारी हमी आहे? एजंट बुडाला तर? सात वर्षांनी पेपर कोण वाचणार? माझ्या ऑफिसात एकही माणूस वाचत नाही."

"मी वाचतो."

"तुम्ही वाचत नाही बाबा, तुम्ही त्यावर लिहिता. जोखीम धरायला हवी. निदान बारा." त्याने मोबाइलवर बोट फिरवलं. "बघा. दोन लाख त्र्याऐंशी हजार. तीन लाखांपेक्षा कमी. एकदम घ्यायला सांगा."

"बारा तू कुठून आणलेस?"

"मग सात तुम्ही कुठून आणलेत?"

बाजारात तुरी, आणि इथे बापलेकांची जुंपली. जेवणं झाली, ताटं उचलली गेली, तरी सात आणि बारा टेबलावर समोरासमोर बसून होते. मी मध्ये एकदा म्हटलं, "अहो, मावशींना विचारा ना, त्या या पैशांचं काय करणार आहेत." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी क्रिकेटची मॅच चालू असताना टीव्हीसमोर झाडू घेऊन उभी राहिले आहे.

"त्याचा दराशी काय संबंध?" हे म्हणाले.

आई गं! मला वाटतं, दराचा दुसऱ्या कशाशी संबंधच नसतो.

शनिवारी दुपारी मावशींचा भाऊ आला. मावशी त्याच्याच घरामागच्या खोलीत राहतात. त्याचं नळ-पाइपांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही; पाइप जसे असतात तसा आहे, जिकडे उतार तिकडे वाहणारा. आल्या आल्या त्याने दुकानाचं कॅलेंडर दिलं आणि यांच्यासमोर बसला.

"साहेब, ताई तुमचं ऐकते. तिला एकदम घ्यायला सांगा. महिन्याच्या पैशाला काय अर्थ आहे? मी बाजारातून पैसे उचलतो ते महिना दोन टक्क्यांनी. वर्षाचे चोवीस! त्या हिशेबाने तिच्या सात वर्षांच्या हप्त्यांची आजची किंमत दोन लाख सुद्धा धड होत नाही."

"दोन लाख तीन हजार," हे आपसूक म्हणाले. शुक्रवारी रात्री झोप न लागल्याने यांनी सगळेच दर करून ठेवले होते.

"बघा! आणि तो देतोय तीन. एक लाख फुकट पडतायत पदरात."

मी आतून पाणी घेऊन आले होते. विचारलं, "भाऊ, ताईंना तीन लाख मिळाले की ते ठेवणार कुठे?"

"ठेवायचे कशाला वहिनी? दुकानात फिरवू. मला बाजाराचं व्याज तरी वाचेल."

"अस्सं. मग ताईंना चोवीस टक्के तुम्ही देणार?"

त्याने कपाळावर आठ्या घातल्या. मी काहीतरी अचकटविचकट बोलल्यासारखं त्याचं तोंड झालं. "घरच्या माणसाकडून कसलं व्याज, वहिनी? तिला लागतील तेव्हा मागून घेईल की."

कॅलेंडर मी फ्रिजच्या मागे सरकवलं.

म्हणजे बघा, तीन माणसं आणि तीन दर. ज्याने उभी हयात बँकेत काढली त्याचा दर बँकेचा. जो दुसऱ्याच्या पैशाने जोखीम खेळतो त्याचा दर जोखमीचा. आणि ज्याला पैशाची निकड, त्याचा दर निकडीचा. प्रत्येकाने आपापला आरसा आणून मावशींच्या तोंडासमोर धरला होता, आणि वर विचारत होते, मावशी, चेहरा ओळखू येतो का?

माझं डोकं फिरलं होतं. रविवारी उजाडताना मी खाली गेले. इमारतीच्या फाटकाशी, दिव्याखाली, मावशी फरसबंदीवर पेपर लावत बसल्या होत्या. मुख्य अंकात पुरवणी सरकवायची, गुडघ्यावर घडी मारायची, गठ्ठ्यावर टाकायची. हात यंत्रासारखा चालतो. पूर्वी गठ्ठा त्यांच्या खांद्याइतका असायचा, आता बसल्या बसल्या त्याच्यावरून पलीकडचं दिसतं.

मी शेजारी बसले. पुरवण्या द्यायला लागले.

"ठरलं का साहेबांचं?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं ठरलंय, लेकाचं ठरलंय, तुमच्या भावाचंही ठरलंय. तुमचं सांगा. मला एक कळत नाही मावशी. अकरा महिने घेऊन बारा महिने पेपर देता. तुम्हाला परवडतं कसं? तोट्यातच जातं की."

"जातं ना." घडी, गठ्ठा. "यजमान हयात असतानाचं नाही ते. मी सुरू केलं."

"का?"

त्या घडी मारता मारताच म्हणाल्या, "वहिनी, पेपर टाकायला मला कधी कंटाळा आला नाही. थंडीत नाही, तापात नाही. पण महिन्याची पहिली तारीख नकोशी वाटायची. माझेच पैसे, आणि मीच चोरासारखी उभी. कुणी म्हणायचं सुटे नाहीत. कुणी म्हणायचं साहेब आंघोळीला गेलेत. पाचव्या मजल्यावरचे डॉक्टर तर आतून हाक मारून विचारायचे, कोण आहे? आणि दार उघडणारी त्यांची बायको सांगायची, कुणी नाही, पेपरवाली आहे. कुणी नाही! एकेका दारात तीन तीनदा जायचं. मग मी म्हटलं, एक महिना गेला तरी चालेल. जो वर्षाचे देईल त्याच्या दारात मला वर्षातून एकदाच उभं राहावं लागेल."

मी हातातली पुरवणी तशीच धरून बसले होते. त्यांनी ती काढून घेतली.

"आणि एजंटचे महिन्याचे पाच हजार?" मी विचारलं.

"तो देईल. पण विचारायला जावं लागेल. त्याला आधी लाइन विकलेल्या दोघांनी सांगितलंय, आठवण केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत."

"आणि एकदम घेतले तर?"

"तर भावाकडे." त्यांनी गठ्ठ्याला दोरी बांधली, दाताने गाठ आवळली. "मग औषधालासुद्धा त्याच्याकडेच मागायचं. तो देतो हो. पण आधी विचारतो, कशाला?"

मी वर आले तेव्हा हे पेपरची वाट बघत पेन उघडून बसले होते. मी यांच्यासमोर जुना पेपर सरकवला.

"एक हिशेब करा. वर्षभर दर महिन्याला एक द्यायच्या ऐवजी सुरुवातीलाच अकरा दिले, तर देणाऱ्याला वर्षाला किती टक्के सुटतात?"

"हे काय मध्येच?"

"करा तर."

यांनी केला. मग खोडून पुन्हा केला. मग चष्मा काढून पुसला. माणूस चष्मा पुसायला लागला की उत्तर बरोबर आलेलं असतं, फक्त पसंत पडलेलं नसतं.

"वीसच्या आसपास," हे हळूच म्हणाले.

"मावशींना सात टक्क्यांचा दर शिकवताय, आणि स्वतः त्यांच्याकडून इतकी वर्षं वीस टक्के घेताय. जिन्यात उभं राहून सांगताय वर, एक महिना फुकट म्हणून!"

लेकाने तोंडात ब्रश असतानाच मोठ्याने हसून घेतलं.

यांनी पेनाला टोपण लावलं. आमच्या घरात ही मोठी घटना. मग एकदम उजळले. "म्हणजे त्यांचा दर वीस! मग प्रश्नच मिटला. विसाने हप्त्यांची किंमत सव्वादोन लाख. एकदम घ्यावेत."

मी कपाळाला हात लावला. "अहो, पुन्हा आकडाच! वीस टक्के त्या कशासाठी सोडत होत्या ते तर बघा. दारात उभं राहायला लागू नये म्हणून. एकदम घेतले आणि भावाच्या गल्ल्यात गेले, तर उरलेला जन्म एकाच दारात उभं राहायचं. पैसे न मागता, आपसूक, तारखेला मिळतील असं काही आहे का तुमच्या बँकेत? चाळीस वर्षं काय केलंत तिथे?"

हा घाव वर्मी लागला. हे उठले, कपाट उघडलं, बंद केलं, फोन लावला, रविवार असल्याबद्दल समोरच्याची माफी मागितली आणि शेवटी पेपरच्या कडेवर लिहिलं. तीन लाख बँकेत ठेवले, तर सात वर्षं दर महिन्याला मुद्दलातलं थोडं आणि वर व्याज मिळून साडेचार हजार खात्यात आपोआप जमा होतील. एकटीच्या खात्यात.

"पण एजंटपेक्षा पाचशे कमी," हे हळहळले.

"ते पाचशे कशाचे, ते मावशींना विचारू या," मी म्हटलं.

संध्याकाळी आमच्या टेबलाभोवती सगळे बसले. एजंट हेल्मेट मांडीवर घेऊन, भाऊ खुर्चीच्या कडेवर, मावशी या वेळी खरोखरच्या खुर्चीत. यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि हे लिहायला मला आनंद वाटतो, की पाच वाक्यांत सांगितलं.

मावशींनी ऐकून घेतलं. "म्हणजे साडेचार हजार, पण विचारायला जायचं नाही?"

"जायचं नाही."

"उशीर झाला तर?"

"होत नाही मावशी. यंत्र करतं ते. यंत्राला आंघोळीला जायचं नसतं," लेक म्हणाला. मावशी हसल्या. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

"मग एकदम द्या," त्या एजंटला म्हणाल्या. "चेक द्या. माझ्या एकटीच्या नावाचा."

"ताई, एकटीच्या?" भाऊ पुढे सरकला. "पाचशेचं नुकसान दर महिन्याला! आणि माझ्यावर विश्वास नाही का? मी काय परका आहे?"

"परका नाहीस रे. राहायला खोली दिलीस, विसरणार नाही. खोलीचं भाडं घे आता माझ्याकडून. पण पैसे तुझ्याकडे ठेवले की तुझ्याकडे मागावे लागतील. तू देशील. पण मागावे लागतील."

भावाने आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. यांनी पेपरच्या कडेकडे पाहिलं. तिथे आता लिहायला जागा नव्हती.

एजंटला निकालाशी मतलब. त्याने खिशातून चेकबुक काढलं, आकडा लिहिला, अक्षरं लिहिली, आणि चेक फाडता फाडता सहज विचारलं, "आणखी काही अट आहे का मावशी? आत्ताच सांगा. मागाहून नको."

"अट नाही. एक सांगणं आहे." मावशींनी चेकची घडी घातली, पेपरची घालतात तशीच, अंगठ्याने कड दाबून. "या महिन्याचे माझे पेपर टाकून झालेत, पण लोकांकडची वसुली राहिलीये. ती तुमच्या माणसाला करू द्या, आणि माझे पैसे आठवण न करता घरी पोचवा. मला आता कुणाचं दार वाजवायला लावू नका."